हाक एकाला, भार घराला

चैत्रात कोल्हापूरजवळ जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलालाने माणसं ओळखू येत नाहीत. पण कुलदैवताचं खरं काम वर्षभर चालू असतं. लग्न झालं की जोडपं इथं दर्शनाला येतं. मुंबई-पुण्याला पांगलेले भाऊ कुलाचाराच्या निमित्ताने भेटतात. देव, भावकी आणि गाव हे आपल्या घराचे टेकू. देवाची हाक ऐकून हे तिन्ही मागे टाकत परमुलखात आलेली ख्रिस्ती मिशनरी घरं मग कशावर उभी राहिली?

1852 मध्ये रॉयल आणि एलायझा वाइल्डर या अमेरिकन दांपत्याने कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना मिशनकार्याकडे वळवणाऱ्या चळवळीचा तो पुढे एक प्रवर्तक झाला. दरम्यान कुटुंब मायदेशी परतलं होतं. 1887 मध्ये रॉयल वारले, आणि त्यानंतर एलायझा मुलगी ग्रेसला घेऊन पुन्हा याच भागात आल्या. नवऱ्यामागे निमूट चालणारी बाई नवरा गेल्यावर मायदेशी राहिली असती. एलायझा परतल्या, कारण ते काम त्यांचंही होतं.

हाक दोघांची नसली तर काय होतं, ही दुसरी बाजू कवी ना. वा. टिळकांच्या संसारात दिसते. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. निर्णय एकट्याचा, पण उन्मळला तो पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार. त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी नवऱ्याचा धर्म लगेच उचलला नाही. स्वतःला पटलं तेव्हा, 1900 मध्ये, बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचं त्यांचं सहजीवन भक्कम झालं, ते या स्वतंत्र होकारामुळे.

मुलांना मात्र असा होकार कुणी विचारत नाही. मिशनऱ्यांची पोरं कोडाईकनाल, मसुरीच्या निवासी शाळांत वाढायची. आईबाप शेकडो मैल दूर, परक्या लेकरांच्या सेवेत. काहींना त्यातून जग मिळालं, काहींना एकटेपण. त्यागाची थोरवी सांगताना हा हिशेब बहुधा गाळला जातो.

हे केवळ मिशनऱ्यांपुरतं नाही. चळवळीत झोकून दिलेल्या कार्यकर्त्याच्या, सीमेवरच्या जवानाच्या घरातही हाक एकालाच येते आणि भार सगळे वाहतात. अशा घराची ताकद सोसण्यावरून मोजू नये. ज्याला हाक आलीच नाही, त्याला तसं मोकळेपणी म्हणता येतं का, आणि म्हटल्यावरही त्याचं घरातलं स्थान अबाधित राहतं का, हे पाहावं.