संभाव्य इजा आणि अप्रमाद

पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये रुग्णाला साधारणपणे ८ ते १० मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतो तेवढा, किरणोत्सर्ग मिळतो. त्यामुळे पुढे कर्करोग होण्याची शक्यता अत्यल्प मानली जाते, आणि तो झालाच तरी त्याचे कारण हाच स्कॅन होता असे कोणालाही सिद्ध करता येत नाही. ज्या इजेचा बळी दाखवता येत नाही, तिला हिंसा म्हणावे का, आणि म्हणावे तर यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाकडे तिचा दोष कितपत जातो?

केवळ परिणामांवरून दोष ठरवणारा विचार येथे अडखळतो. जैन परंपरेला मात्र हा पेच जुनाच आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाची, म्हणजे बेसावध वृत्तीची, अट घातली; कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात त्याही पुढे जाऊन सांगतात की, जीव मरो वा न मरो, अयत्नाने वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच, आणि यत्नपूर्वक वागणाऱ्याला केवळ प्राणहानीमुळे कर्मबंध होत नाही.

स्कॅनच्या खोलीत हा प्रमाद अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या जागी असतो. रुग्ण गॅन्ट्रीच्या, म्हणजे यंत्राच्या वर्तुळाकार पोकळीच्या, नेमक्या मध्यावर नसेल, तर शरीराच्या जाडीनुसार विद्युतप्रवाह कमी-जास्त करणारी स्वयंचलित व्यवस्था फसते. प्राथमिक प्रतिमा घेताना क्ष-किरण नळीच्या जवळ सरकलेला रुग्ण आहे त्याहून जाड भासतो आणि यंत्र विनाकारण अधिक किरण सोडते. स्कॅनची लांबी गरजेपेक्षा चार बोटे वाढवणे किंवा लहान मुलाला प्रौढाचेच मापदंड लावणे, हेही त्याच जातीचे. लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात २००९ मध्ये उघड झाले की, मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या स्कॅनमध्ये सुमारे १८ महिने २०६ रुग्णांना अपेक्षेच्या जवळजवळ आठपट मात्रा मिळाली होती. यंत्राच्या पडद्यावर मात्रेचा आकडा दाखवण्याची सोय असते. तरीही चूक ध्यानात आली ती रुग्णाचे केस गळल्यावर.

तथापि अहिंसा म्हणजे निव्वळ संयम, असे मानल्यास येथे फसगत होते. मात्रा निम्मी केली की प्रतिमेतील कणीदारपणा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. त्यात लहानशी गाठ झाकली गेली आणि स्कॅन पुन्हा करावा लागला, तर आधीचा सगळा किरणोत्सर्ग वाया जातो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९७७ मध्ये मांडलेल्या तत्त्वांनुसार वैद्यकीय उपयोगासाठी रुग्णाला ठरावीक कमाल मर्यादा लागू होत नाही. तपासणी समर्थनीय असावी आणि मात्रा उद्दिष्टापुरतीच असावी, एवढेच अपेक्षित असते.

पहिली अट पाळणे मुख्यतः डॉक्टरांच्या हाती आहे. नुकताच झालेला स्कॅन रुग्णाच्या फायलीत दिसल्यास तंत्रज्ञाने नवी तपासणी स्वतःहून रद्द करू नये, पण रेडिओलॉजिस्टला विचारणे हा त्याच्या यत्नाचाच भाग होय. आणि जेथे असे विचारणे उद्धटपणाचे मानले जाते, तेथे प्रमादाचा दोष एकट्या तंत्रज्ञाच्या माथी मारणे न्याय्य ठरत नाही.