गाणे कोणाचे?

एखादी परंपरा जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? चीनच्या वायव्येकडील शिनजियांग प्रांतात राहणाऱ्या उइघुर लोकांच्या 'मेश्रेप'विषयी वाचताना हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करून गेला.

मेश्रेप म्हणजे नुसती मैफल नव्हे. गावकरी जमतात, दुतार वाजतो, डफ घुमतो, नाच आणि थट्टामस्करी रंगते. आणि त्याच बैठकीत चुकलेल्याची हजेरी घेऊन त्याला सर्वांसमक्ष लुटुपुटीची शिक्षा दिली जाते. गाणे आणि नीती तेथे एकाच पंगतीस बसतात. १९९० नंतर गुलजा परिसरातील तरुणांनी दारू व अमली पदार्थांपासून आपल्या सोबत्यांना सोडविण्यासाठी हीच जुनी बैठक पुन्हा उभी केली. सरकारला तिच्यात लोकांचे स्वतंत्र संघटन दिसले आणि १९९५ साली तिच्यावर बंदी आली.

पुढे २०१० साली, चीनच्याच प्रस्तावावरून, युनेस्कोने मेश्रेपला तातडीने जतन करावयाच्या वारशांच्या यादीत घेतले. ऱ्हासाची कारणे म्हणून शहरीकरण, औद्योगिकीकरण आणि तरुणांवरील बाहेरच्या संस्कृतींचा प्रभाव यांची नोंद झाली. बंदीचा तेथे उल्लेख नाही! मेश्रेप आता भरजरी पोशाखांत रंगमंचावर आला. परंतु कोणी जमायचे आणि कोणी कोणाची चूक दाखवायची, हे ठरविण्याचा गावाचा हक्क त्या मंचावर कसा यावा?

सरकारी जतन सर्वस्वी व्यर्थ, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या 'मुक्काम' शब्दाचा भाऊबंद असलेला 'मुकाम' हा उइघुरांचा अभिजात गायनप्रकार. १९५१ साली वृद्ध वादक तुर्दी आखुन यांच्याकडून बारा मुकामांचे ध्वनिमुद्रण करून घेतले गेले नसते, तर त्यातील पुष्कळसे त्यांच्याबरोबरच गेले असते. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण ध्वनिफितीला शेजारी लागत नाही, मेश्रेपला लागतो.

राहिले दावुत या उइघुर विदुषी गावोगावी हिंडून लोकगाथा आणि दर्ग्यांच्या परंपरा टिपत असत. त्यांच्या संशोधनास सरकारचेही साहाय्य होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्या नाहीशा झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचे २०२३ साली जगास समजले. युनेस्कोच्या यादीतील मेश्रेपची नोंद त्या वर्षीही जागच्या जागी होती.