न दिलेला मक्ता

मक्ता ही मुळात द्यायची गोष्ट. सरकारनं द्यायची, कुणीतरी घ्यायची. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ खेळायच्या पत्त्यांचासुद्धा मक्ता मर्जीतल्या माणसाला देत असे. त्यामुळे मक्तेदारीवरचा उपाय सोपा वाटे: राजानं मक्ते देणं बंद करावं. अमेरिकेनं ही समजूत वारशात घेतली. जॉन रॉकफेलरनं ती मोडीत काढली, कारण त्याला मक्ता कुणीच दिला नव्हता.

१८७० साली त्यानं क्लीव्हलँडला स्टँडर्ड ऑइल काढली. दोन वर्षांत रेल्वे कंपन्यांशी गुपचूप करार ठरला. त्याच्या पिंपांना भाड्यात सवलत मिळणार होतीच. शिवाय प्रतिस्पर्ध्यांनी भरलेल्या भाड्यातला वाटाही त्यालाच जाणार होता. बोंबाबोंब झाली आणि करार अमलात येण्याआधीच बारगळला. पण तोवर शहरातल्या २६ तेलशुद्धीकरण कारखान्यांपैकी २२ त्यानं विकत घेतले होते. १८८०च्या सुमारास देशातलं नव्वद टक्के शुद्धीकरण त्याच्या हातात होतं.

१८८२मध्ये त्याच्या वकिलानं युक्ती काढली. सगळ्या कंपन्यांचे भागधारक आपले शेअर नऊ विश्वस्तांच्या हवाली करतील. ट्रस्ट! आपल्याकडे या शब्दाला देवळातल्या दानपेटीचा वास येतो. अमेरिकेत तो शिवीसारखा झाला.

१८९०मध्ये मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा आला. १८९४च्या पुलमन रेल्वे संपात तो वापरला गेला कामगारांवर. आणि देशातली जवळजवळ सगळी साखर शुद्ध करणारा ट्रस्ट पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टातून सुटला. उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे, असं न्यायमूर्तींना वाटलं. पेनसिल्व्हेनियात तेलाच्या धंद्यातल्या वडिलांची परवड पाहिलेल्या पत्रकार आयडा टारबेलनं १९०२पासून मॅक्ल्युअर्स मासिकात स्टँडर्डची कुंडली मांडली. १९११मध्ये कोर्टानं कंपनीचे ३४ तुकडे केले. मात्र त्याच निकालात म्हटलं, की कायद्याला व्यापारावरचे फक्त ‘अवाजवी’ निर्बंध वर्ज्य आहेत. न्यायमूर्ती हार्लन चिडले: हा शब्द कायद्यात आहेच कुठे? तुकड्यांचे शेअर वधारले आणि रॉकफेलर आणखी श्रीमंत झाला.

अडचणीची गोष्ट अशी, की त्याच्या अमलात रॉकेल स्वस्त झालं होतं. मग नुकसान कुणाचं? १९७८मध्ये कायदेपंडित रॉबर्ट बोर्क यांनी लिहिलं, की कायद्यानं फक्त ग्राहकाचं हित पाहावं. कोर्टांनी हे माप उचललं, आणि व्यवहारात ते बहुतेक भावापुरतंच उरलं. माप सुटसुटीत खरंच; पण टारबेलच्या वडिलांना त्यात जागा नाही. मोठं असणं आपसूक संशयास्पद राहिलं नाही. १९९९मध्ये स्टँडर्डचे दोन सर्वांत मोठे तुकडे, एक्सॉन आणि मोबिल, सरकारच्या संमतीनं पुन्हा एक झाले.

२०१७मध्ये लीना खान या विद्यार्थिनीनं येलच्या कायदेविषयक नियतकालिकात अॅमेझॉनवर लेख लिहून जुना प्रश्न परत काढला: भाव कमी असला, तरी वाट कुणाच्या ताब्यात आहे? ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला मक्तेदार ठरवलं. वापरणाऱ्याला गूगलचा शोध फुकटच मिळतो. ठपका होता वाट अडवल्याचा: फोन आणि ब्राउझर उघडताच आपलीच शोधपेटी समोर यावी म्हणून या कंपनीनं एकट्या २०२१मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक मोजले होते. कायदा १८९०चाच होता.