बेटावरची जमीन आणि बांधाचे ऋण

‘गुंतवणूक’ हा शब्द आपण हल्ली फार सहजपणे उच्चारतो. पैसा कोठे गुंतवावा याची चर्चा देवळाच्या सभामंडपातही कानी येते, आणि अलीकडे तीत शहराच्या गजबजाटापासून अलग राहिलेल्या, पाण्याने वेढलेल्या खेड्यांची नावे वारंवार येऊ लागली आहेत. परंतु ‘गुंतणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ अडकणे, सहज सुटता न येणे असा आहे. दोऱ्यात दोरा गुंततो, संसारात मन गुंतते. ज्या व्यवहारात पैसा तेवढा गुंततो आणि माणूस मोकळाच राहतो, त्याला गुंतवणूक म्हणावे काय, असा प्रश्न मनात येतो. हा प्रश्न हवेत न ठेवता एका प्रत्यक्ष गावाशी ताडून पाहावा, म्हणून येथे दिवाडी बेटाचा विचार करू.

दिवाडी हे मांडवी नदीतील बेट आहे. जुन्या गोव्याच्या किंवा रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने काही मिनिटांत तेथे पोहोचता येते, पण बेटावर पूल नाही. म्हणून पणजी हाकेच्या अंतरावर असूनही गावाची चाल आपली वेगळीच राहिली. टेकडीवर चर्च, पायथ्याशी कौलारू घरे आणि सभोवार भातशेती असे तेथील दृश्य आहे. ते पाहून पाहुण्याला वाटते की ही निसर्गाची देणगी आहे, आणि येथे थोडी जागा आपल्या नावावर असावी. येथेच त्याची पहिली गफलत होते.

ती भातशेती निसर्गाने दिलेली नाही. ती खाजन जमीन आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यातून माणसाने शतकानुशतके सोडवून घेतलेली जमीन. भरतीच्या वेळी नदीचे पाणी शेताच्या पातळीहून वर चढते, आणि मातीचा बांध ते अडवून धरतो. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ असते. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. या रचनेला रोजची राखण लागते. कुर्लीने बांधात बीळ पाडले आणि ते वेळीच बुजवले नाही, तर पाणी वाट रुंद करीत जाते, बांधाला खिंडार पडते आणि एका शेतकऱ्याच्या हयगयीने साऱ्या शेजाऱ्यांचे पीक बुडते. जमिनीत मुरलेले मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जावे लागतात. ‘कोरगुट’सारखे खारे पाणी सोसणारे भात येथे पिकते, पण त्यालाही बांध हवाच.

तात्पर्य, अशा गावात ‘माझे शेत’ हा शब्दप्रयोग अर्धाच खरा असतो. आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. गोव्याच्या गांवकरी संस्थेत जमीन समाईक असे, शेते पावणीने कसायला दिली जात, आणि उत्पन्नातून आधी बांध, देऊळ व गावकामे यांचा खर्च निघून मग गांवकारांना वाटा मिळे. गावांचे हे आचार पोर्तुगीजांनीही 1526 च्या फोरालात नोंदवून ठेवले. या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. जन्माने गांवकार नसलेल्या कष्टकऱ्याला तीत बरोबरीचे स्थान नव्हते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण हक्काच्या आधी बांधाचे देणे, हा तिचा क्रम मात्र शहाणपणाचा होता.

आता बाहेरून येणारा धनिक काय करतो ते पाहू. तो पडीक घर घेतो, ते सुंदर डागडुजी करून सजवतो आणि वर्षातील दहा-पंधरा दिवस तेथे राहतो. त्यात अन्याय कोणता, असे कोणी विचारील, आणि हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. विकणाऱ्यालाही हक्क आहे. ज्याची मुले मुंबईत किंवा परदेशात स्थिरावली, त्या वृद्धाने गळके छप्पर कोणाच्या आनंदासाठी सांभाळावे? गावाचे गावपण टिकावे म्हणून गावकऱ्याने दारिद्र्यात राहावे, असे म्हणण्याचा अधिकार पाहुण्याला तर मुळीच नाही. शिवाय 2023 साली गोवा विधानसभेने शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाण्यावर कायद्याने निर्बंध घातले आहेत, म्हणजे शेतापुरती काळजी सरकारने वाहिली आहे, असेही कोणी म्हणेल.

परंतु कायदा जमिनीचे हस्तांतर रोखू शकतो. बांधावरचे बीळ तो बुजवीत नाही. घरे महाग होत जातात, तेव्हा गावातच राहू इच्छिणाऱ्या तरुणाला गावात घर घेणे परवडत नाही, आणि बीळ बुजवणारे हात नेमके त्याचेच असतात. दृश्यासाठी पैसा मोजणारा मनुष्य नकळत ते दृश्य राखणाऱ्यालाच दूर लोटतो. येथे दुष्ट हेतू कोणाचाच नसतो, तरीही हानी घडते. नैतिक विचाराची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

आता आपल्याविषयी, म्हणजे देवस्थानांच्या परंपरेत वाढलेल्यांविषयी. आपल्याला हे बेट परके नाही. कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर दिवाडीच्या नार्व्याला होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यास गेला, आणि 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. दिवाडीचा गणपतीही स्थलांतर करीत अखेर खांडोळ्याला विसावला. त्यामुळे आपल्यापैकी काहींच्या मनात असा भाव उठतो की ते मूळस्थान आमचे, तेथे जमीन घेणे म्हणजे केवळ परतणे होय.

या भावनेचा आदर राखूनही एक गोष्ट विसरता येत नाही. देव आणि महाजन नदीपार गेले तेव्हा बांध काही बरोबर नेता आला नाही. मागे राहिलेल्यांनी, मग त्यांनी कोणत्याही देवाची प्रार्थना केली असो, भरतीमागून भरती तो सांभाळला. आज तेथे भाताचे लोंबर डुलते ते त्यांच्या हातांमुळे. स्मृती आपल्याला तीर्थाला जाण्याचा अधिकार देते, आणि त्याहून अधिक कृतज्ञतेचे कर्तव्य देते. सातबारा ती देत नाही. पैसा उलटपक्षी कागद देतो, पण आपलेपण देऊ शकत नाही.

मग आपलेपण कशाने येते? बोंदेरा या दिवाडीच्या उत्सवात हद्दीवरच्या निशाणांची आणि जुन्या भांडणांची थट्टा होते, आणि खेळण्यातल्या बंदुकांनी लढाई लढली जाते. हद्दी आवश्यक असतात, पण त्यांचा गर्व हास्यास्पद असतो, हे त्या गावाला कळलेले आहे. ज्याला तेथे जायचे त्याने यात्रेकरूसारखे जावे, पाहावे, नमस्कार करावा, आणि जागा जशी होती तशी ठेवून परतावे. ज्याला तेथे पैसा घालायचा आहे त्याने आधी गावाला विचारावे की बांधाला, मानशीला, पडीक शेत पुन्हा लावू पाहणाऱ्या तरुणाला काय हवे आहे. आणि घर घ्यायचेच असेल तर दार वर्षभर उघडे राहील व पावसाळ्यात बांधावर आपलाही माणूस दिसेल, अशी व्यवस्था करावी. एवढे ज्याच्याने होत नाही त्याने खुशाल फेरीतून बेट पाहून यावे. त्यात कमीपणा नाही. मात्र खारे पाणी अडवण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून हिरवळ तेवढी आपल्या नावावर करून घेणे, हे कायद्यात बसले तरी धर्मात बसत नाही.