च्वी प्रत्ययाचे गाव

एसटीची वाट बघत एका ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून उभा होतो. गाडीचा पत्ता नव्हता, त्यामुळे भिंतीवरचा विकासकामांचा फलक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झाला. अंतर्गत रस्त्याचे खडीकरण. मुख्य रस्त्याचे डांबरीकरण. स्मशानभूमीचे सुशोभीकरण. आणि सर्वांत खाली, महिला व युवकांचे सक्षमीकरण. प्रत्येक कामापुढे रक्कम होती आणि रकमेपुढे शेरा : काम पूर्ण.

आधी हसू आले. मग शाळेतल्या संस्कृतच्या बाई आठवल्या. त्यांनी च्वी प्रत्यय शिकवला होता. जे पांढरे नव्हते ते पांढरे करणे म्हणजे शुक्लीकरण. व्याकरणकार त्याला ‘अभूततद्भाव’ म्हणतात : जे आधी तसे नव्हते, ते तसे होणे. ‘सक्षमीकरण’ याच साच्यातला शब्द. त्याच्या पोटात दोन गृहीतके बसलेली आहेत. एक, ती बाई किंवा तो पोरगा आधी सक्षम नव्हता. दोन, त्यांना सक्षम करणारा कुणी दुसराच आहे. डांबरीकरणात रस्ता नुसता पडून असतो, काम ठेकेदार करतो. फलकावरच्या चारही ओळींचे व्याकरण एकच होते.

ही दोन गृहीतके मला जामखेडला नेऊन तपासावीशी वाटतात.

जामखेड तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाला, बीड, धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांना खेटून आहे. पाऊस बेभरवशाचा. दरवर्षी या पट्ट्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटे माणूस आले तर ‘अर्धा कोयता’. पहाटे उठून भाकऱ्या थापणारी, दिवसभर फडात मोळ्या बांधणारी, रात्री गाडी भरू लागणारी बाई हिशेबाच्या वहीत आजही एका अवजाराचा अर्धा भाग आहे.

याच भागात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आले. वेल्लोरला वैद्यक शिकलेले, अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. दोन-तीन वर्षांत मोठा दुष्काळ पडला. लोकांना विचारले तर लोक पाणी मागत, धान्य मागत. आरोग्य कुणाच्या यादीत नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी औषधांआधी पाण्याचे बघितले, कूपनलिका घेतल्या. आता प्रश्न असा, की हातपंप बसवायचा कुठे? तो दलित वस्तीत बसवला गेला. त्यावर भाषण झाले नाही, ठराव झाला नाही. ज्या घरांतल्या बायका त्या वस्तीकडे कधी फिरकत नव्हत्या, त्यांना घागर घेऊन तिथे जावे लागले. तहानेने जे करून घेतले ते उपदेशाने झाले नसते.

तरुणांशी ओळख व्हॉलीबॉलमुळे झाली. संध्याकाळी डॉक्टर गावातल्या पोरांबरोबर खेळत. चेंडू आपल्या बाजूला आला की तो कुणी उडवला याची चौकशी करायला सवड नसते. खेळणारी मुले खेळ संपल्यावर बोलत बसू लागली. त्या बोलण्यातून शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली आणि पुढे बायकांची महिला मंडळे.

आरोग्याची बाजू मात्र अडून बसली होती. शिकलेल्या परिचारिका गावात टिकत नव्हत्या. अनोळखी गाव, एकटे राहणे, आणि लोकही त्यांना परकेच समजत. मग विचार झाला की गावातलीच बाई का नको? तिची निवड गावाने करायची. अशा निवडलेल्या बायकांतल्या कित्येकींनी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता. कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत. पोटातले बाळ आडवे आहे की सरळ हे हाताने ओळखणे, नाळ स्वच्छ पात्याने कापणे, हगवणीत पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, कातडीवरचा बधिर चट्टा ओळखणे, हे सगळे त्या शिकल्या. रात्री मुक्काम असे. पांघरायला एकच मोठी गोधडी, सगळ्या जातींच्या बायका तिच्याखाली. थंडीत गोधडीचे टोक आपल्याकडे ओढायचे तर शेजारणीच्या जवळ सरकावेच लागते.

पुढचा इतिहास नोंदलेला आहे. आरोळे दांपत्याच्या या प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर जगभरच्या प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण होते. १९७८ मध्ये आल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता व्याकरणाकडे परत येऊ. या बायका आधी अक्षम होत्या का? वैद्यकाचे ज्ञान त्यांना नव्याने मिळाले यात शंका नाही, आणि ते देणारे कसलेले डॉक्टर होते. गुंतागुंतीच्या बाळंतपणाला मागे रुग्णालय उभे होते. ‘लोकांनीच केले’ असे म्हणताना तज्ज्ञाला पुसून टाकणे हा खोटेपणा होईल. पण दुष्काळात चार तोंडांचे घर ओढणारी, कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे न विचारता जाणणारी बाई अक्षम कशी म्हणायची? खरी अडचण वेगळी होती. गावातल्या सवर्ण घरची बाळंतीण दलित बाईला आपल्या पोटाला हात लावू देईल का, तिच्या हातचे मीठ-साखरेचे पाणी आपल्या पोराला पाजेल का? तिच्याकडे कसब असूनही दार उघडले नसते, तर ते कसब तिच्याजवळच राहिले असते.

म्हणजे ‘अभूत’, आधी नसलेली गोष्ट होती ती गावाची नजर. तिची कुवत ओळखण्याची गावाची कुवत. च्वी प्रत्यय बरोबरच होता. तो चुकीच्या नामाला लावला जात होता.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. ‘समाजाच्या पुढाकाराने’ हे शब्द आपण फार भाबडेपणाने वापरतो. कुठला समाज? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती; खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, असा त्यांचा आशय होता. खेड्यातल्या पाणवठ्याचा ज्यांना अनुभव होता त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नसेल. गावाला विचारा म्हटले की बहुतेक वेळा पारावर बसलेल्या चार पुरुषांना विचारले जाते आणि त्यांचे उत्तर गावाचे म्हणून लिहून घेतले जाते. सरपंचपदाच्या खुर्चीवर बाई आणि खुर्चीमागे उभा ‘सरपंचपती’ हे चित्र १९९३च्या ७३व्या घटनादुरुस्तीनंतर आपण घडवले, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने महिलांसाठी निम्म्या जागा राखीव केल्यावरही ते पुरते पुसले गेलेले नाही.

म्हणून जामखेडचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तिथे गावाला आयते ‘समाज’ मानले नाही. हातपंपाची जागा, व्हॉलीबॉलची जाळी, रात्रीची गोधडी अशा गोष्टींतून आधी समाज जुळवावा लागला. मग त्याच्या हाती निवड सोपवली.

हीच गोष्ट मराठवाड्यात निराळ्या वाटेने घडली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावागावांत गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. लातूर-धाराशिवकडची घरे माळवदाची : जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड छत. उन्हाळ्यात गारवा देणारे हे छत त्या पहाटे अंगावर आले. हजारो माणसे गेली. जी गावे पूर्ण पडली नाहीत, तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते (पुन्हा तेच व्याकरण!). सरकारी मदत घरमालकाच्या नावे येणार होती, पण भिंत भूकंपात टिकेल अशी कशी बांधायची हे घरोघर पोहोचवायचे कुणी? स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना पुढे केले. शेकडो गावांत त्या ‘संवाद सहायक’ झाल्या.

गवंड्याला आजवर बाईने पाणी आणून द्यायचे, दगड उचलून द्यायचे. आता तीच त्याला विचारू लागली, की भिंतीचे दोन थर बांधून धरणारा आडवा दगड कुठे घातलास? हप्ता कधी आला, किती आला, हे ती विचारू लागली. पुढे २००१ मध्ये कच्छ हादरले तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडे गेल्या. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही गेल्या. भाषा येत नव्हती. पण घर पडलेल्या बाईशी बोलायला घर पडलेली बाई आली होती. ज्यांना आपण ‘आपद्ग्रस्त’ म्हणून मदतीच्या रांगेत उभे करतो, त्यांच्याकडे दुसऱ्याला देण्यासारखे काही असते हे ध्यानात यायला भूकंप व्हावा लागला, याचा आपल्याला संकोच वाटायला हवा.

तरुणांचे काय? गावात शिरताना फ्लेक्स लागतात : वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावी सरपंच, गॉगल लावलेले पंचवीस चेहरे. त्यांची चेष्टा करणे सोपे आहे. पण रात्रीत मंडप उभा करणारी, वर्गणी गोळा करणारी, मिरवणुकीत हजार माणसे सांभाळणारी ही पोरे संघटन जाणतात. त्यांना निर्णयाची जागा मात्र कुणी दिलेली नाही, म्हणून ती फ्लेक्सवर जागा मिळवतात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची गोष्ट यासाठी बघावी. गोंड समाजात तरुण मुलामुलींसाठी घोटुल असते. एकत्र येण्याचे, शिकण्याचे घर. मेंढ्याने आपले घोटुल पुन्हा उभारायला जंगलातले सागवान आणले, तर वनखात्याने ते बांधकाम मोडले. गाव मागे हटले नाही. आसपासच्या गावांनीही आपापली घोटुले बांधायला घेतली. तरुणांच्या एका घरासाठीच्या या भांडणात जंगल कुणाचे हा प्रश्न ऐरणीवर आला. ग्रामसभेने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची पद्धत धरली. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू. अशा सभेत बाईचे ‘नाही’ आणि तरुणाचे ‘नाही’ मोजावेच लागते. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये गावाने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. अधिकार आला आणि त्याच्यासोबत गल्लाही आला.

गल्ल्याचा हा मुद्दा निसटता कामा नये. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ देशभर पोहोचली. साधारण हजार वस्तीमागे एक, त्याच गावची बाई. जामखेडसारख्या प्रयोगांचे हे दूरचे नातवंड. पण तिचे नाव ‘स्वयंसेविका’. काम नोकरीसारखे, वह्या नोकरीसारख्या, वरून येणारे आदेश नोकरीसारखे. मिळतो तो मोबदला, पगार नाही. कोविडात दारोदार फिरली ती हीच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, आणि २०२४च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. जामखेडच्या बायकांनाही पगार नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यांना छोट्या धंद्यासाठी कर्ज मिळे, आणि त्यांचा जाब विचारणारे गाव होते. आशाला निवडते गाव, जाब विचारते तालुक्याचे कार्यालय. जबाबदारी खाली उतरवून अधिकार आणि पैसा वरच ठेवायचा, आणि त्याला लोकसहभाग म्हणायचे, ही आपली जुनी खोड आहे. त्यात बाईची अवस्था कोयत्यासारखीच राहते. धार तिची, मूठ दुसऱ्याच्या हातात.

तेव्हा असे कुठलेही काम समोर आले की मी तीन साधे प्रश्न विचारतो. हिला कुणी निवडले? ही कुणाला जाब देते? आणि हिने ‘नाही’ म्हटले तर काम थांबते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेकांकडे तयार असतात. तिसऱ्याला खोलीत शांतता पसरते. मेंढ्यात त्याचे उत्तर पद्धतीतच आहे. आझाद मैदानावर ते मिळवण्यासाठी थंडी-उन्हात बसावे लागते.

त्या फलकाकडे मी पुन्हा बघितले तेव्हा गाडी आली होती. फलकाखालच्या पायरीवर दोघी जणी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर नोंदींची जाडजूड वही, दुसरी तिला वस्तीवरच्या घरांची नावे सांगत होती. कोण गरोदर, कोण ऊसतोडीला गेले, कुणाच्या पोराला ताप. एकही नाव तिने आठवण्यासाठी थांबून सांगितले नाही. वर पिवळ्या अक्षरांत त्यांचे सक्षमीकरण पूर्ण झाल्याची नोंद होती, आणि त्या दोघी फलकाला पाठ करून बसल्या होत्या.