गुणगुण नेमकी कोणाची?

कीर्तनाच्या मंडपात मिक्सर सुरू होतो आणि बुवांच्या आधी स्पीकरच ‘हूंऽऽ’ म्हणतो. साउंडवाला एकेक केबल उपसून बघतो: काढल्यावर आवाज थांबला का, लावल्यावर आला का? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. त्याला नाव ठाऊक नसेल, पद्धत पक्की असते.

लॅपटॉपची केबल काढताच शांतता. मग दोषी लॅपटॉप? तो एकटा तर स्वच्छ वाजतो. मिक्सरही.

दोघे वेगवेगळ्या सॉकेटवर असतात, अर्थिंगच्या दाबात किंचित फरक पडतो आणि केबलच्या जाळीतून प्रवाह वाहतो. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० नाहीतर १०० हर्ट्झची. म्हणजे गुणगुण ना एकट्या लॅपटॉपची, ना एकट्या मिक्सरची. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाला हे उदाहरण आवडलं असतं. वस्तू स्वतःतून उपजत नाही आणि परक्यातूनही नाही, हे तो मूलमध्यमककारिकेच्या आरंभीच मांडतो. नैयायिक मात्र अडवेल: संयोग हाही खराच गुण! मल्टीमीटर त्याच्या बाजूने साक्ष देतो, आणि इथे त्याचंच पारडं जड वाटतं.

उपाय साधा: दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर, किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच उडवतात. गुणगुण जाते, पण बिघाड झालाच तर माइक धरलेल्या बुवांना शॉक बसू शकतो.