शत्रूचं एक घर

आमच्या भागात सप्ताहाला आता तरुण कीर्तनकार येतात आणि त्यांचे दृष्टांतही तरुण असतात. रिचार्ज, रेंज, पासवर्ड, नामस्मरणाला जुळेल असं मोबाईलमधलं काहीच त्यांनी सोडलेलं नाही. मला त्याचं वावडं नाही. ज्ञानोबांनीही दृष्टांत आसपासच्या जगातूनच उचलले होते. पण नेवासे तालुक्यातल्या एका गावात, काल्याच्या आदल्या रात्री, महाराज म्हणाले, ‘माउली, हा नरदेह म्हणजे ट्रायल व्हर्जन आहे. फुकट मिळालंय, मुदत ठरलेली आहे, आणि खरा माल पुढं आहे. मोक्ष म्हणजे फुल व्हर्जन!’ टाळ वाजले, मंडप हसला. मी तिथंच अडलो. कारण मंडपात बसलेल्यांपैकी ट्रायल व्हर्जनवर आयुष्यातली काही वर्षं घालवलेला बहुधा मी एकटाच होतो.

एमएस-सीआयटी २००२ साली सुरू झाली आणि तालुक्या-तालुक्याला कॉम्प्युटर सेंटरं उघडली. त्यातलं एक माझं. जाडजूड मॉनिटर, विंडोज ९८, भारनियमनाच्या वेळा भिंतीवर चिकटवलेल्या आणि बॅटरीवर भरवसा नाही. ‘चिप’, ‘डिजिट’ या मासिकांबरोबर सीडी यायची, तिच्यात अँटिव्हायरस, फॉण्ट, नाना उपयुक्त गोष्टी असत आणि एका फोल्डरमध्ये गेमचे डेमो. ‘एज ऑफ एम्पायर्स’ १९९७ चा, ‘स्टारक्राफ्ट’ १९९८ चा. आमच्याकडे पोहोचेपर्यंत ते जुने झाले होते, पण नेवाशात नवेच. एक्सेलची बॅच सुटली की पोरं एसटीची वेळ होईस्तोवर त्यावर तुटून पडायची.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बुद्धिबळात तुम्ही चाल केली की समोरचा विचार करतो, तोवर तुम्हाला उसंत. इथं पाळीच नाही. तुमची माणसं बोरं वेचतायत, लाकडं तोडतायत, हरणामागे पळतायत, आणि त्याच क्षणी नकाशाच्या काळ्या भागात, तुम्हाला न दिसणारा शत्रूही तेच करतोय. अन्न, लाकूड, दगड, सोनं जमवायचं, घरं बांधायची, युग ओलांडायचं, सैन्य उभारायचं. ट्रायलमध्ये यातलं मोजकंच खुलं. काही मोहिमा खेळायच्या, मग पडद्यावर पूर्ण खेळ विकत घ्यायचं आमंत्रण. विकत घेणारा आमच्याकडे कोणी नव्हता. हे नमुने होते आणि नमुन्यावरच सगळ्यांचा संसार चालला होता.

आता महाराजांच्या दृष्टांताकडे. त्यात तीन गोष्टी गृहीत आहेत: नमुना हा पूर्ण मालाचा कापून दिलेला तुकडा असतो, देणारा काहीतरी राखून ठेवतो, आणि नमुन्याची किंमत पुढच्या मालावरून ठरते. दुसरीबद्दल तर मला रागच आहे, कारण तिच्यात पांडुरंग कंपनीचा माणूस होतो आणि गळाला आमिष लावून विटेवर उभा राहतो. पण पहिली गोष्ट साधी वस्तुस्थिती म्हणूनसुद्धा टिकत नाही.

‘एज ऑफ एम्पायर्स’चा पूर्ण खेळ दुकानात आला तेव्हा त्यात इजिप्त, ग्रीस, बॅबिलोन आणि जपानचे यामातो यांच्या मोहिमा होत्या. ट्रायलमध्ये मात्र हिटाइटांची मोहीम होती. आजच्या तुर्कस्तानातलं ते जुनं राज्य, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात कादेशला रामसेस दुसऱ्याशी भिडलेलं. म्हणजे पैसे मोजून पेटी घरी नेणाऱ्याला हिटाइटांची ही मोहीम मिळालीच नाही, फुकट्याला मिळाली. ‘स्टारक्राफ्ट’चं तेच. त्याच्या डेमोतली ‘लूमिंग्ज’ ही मूळ कथेच्या आधी घडणारी वेगळी गोष्ट, खास डेमोसाठी रचलेली. पुढं यथावकाश या मोहिमा इतरांनाही मिळाल्या, तो भाग सोडा. नमुना म्हणून दिलेल्या वस्तूत पूर्ण वस्तूत नसलेलं काहीतरी होतं, हा माझा मुद्दा.

जन्माचंही असं असेल तर? इथं जे आहे ते तिथं नसेलच तर?

हा प्रश्न काही मला पहिल्यांदा पडलेला नाही. वारकऱ्यांचं आणि मोक्षाचं नातं पहिल्यापासून चमत्कारिक आहे. तुकोबा देवाकडे मुक्ती मागत नाहीत. संतांची संगत मिळणार असेल तर पुन्हा जन्माला घाल म्हणतात, खुशाल घाल म्हणतात. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचं म्हणून शास्त्रांनी एवढा खटाटोप केला आणि हे बेणं परत तिकीट मागतंय. ज्याला फुल व्हर्जन फुकट देऊ केलं तरी तो ट्रायलच मागतो, त्याच्यापुढं महाराजांचा दृष्टांत कसा टिकायचा?

ज्ञानेश्वरांकडे गेलं तर दृष्टांताच्या पायाखालची जमीनच सरकते. नेवाशात प्रवरेकाठी, ज्या खांबाला टेकून त्यांनी शके १२१२ मध्ये गीतेवरची टीका सांगितली तो खांब आजही मंदिरात उभा आहे. लोक त्याला पैस म्हणतात. ‘अमृतानुभव’ही इथलाच अशी परंपरा आहे. त्या ग्रंथात अज्ञानाचं खंडन नावाचं मोठं प्रकरण आहे. जग हा खोटा देखावा, त्याच्या पडद्यामागं खरं काहीतरी लपलेलं, ही मांडणी ते तिथं चक्क मोडून काढतात. पडदा टाकणारं अज्ञान म्हणून काही वस्तूच नाही. जे दिसतं ते त्या एकाच चैतन्याचं विलसणं. चिद्विलास. हे मान्य केलं तर कुलूप लावलेली खोली उरतच नाही. ट्रायल आणि फुल असे दोन डबे करायला जागा राहत नाही. ‘अमृतानुभव’ ज्या नदीकाठी सांगितला गेला तिथंच मांडव घालून आपण मोक्षाची जाहिरात ऐकतो.

माझ्या सेंटरवरच्या त्या पोरांमधला एक प्रवरेपलीकडच्या खेड्यातून यायचा. टायपिंगला हात जड, पण माउसवर बसला की वेगळाच. एकदा शत्रूचं गाव मोडायची मोहीम त्याने सर करत आणली. बुरूज पडले, छावण्या पडल्या, सैनिक संपले. एका कोपऱ्यात शत्रूचं एक घर राहिलं. याने सैन्य मागं बोलावलं, आणि कामकऱ्यांना शेतं करायला लावली. मी पाठीमागून बघत होतो. म्हटलं, ‘अरे, ते पाड की, झालं मग.’ तो वळलासुद्धा नाही. ‘पाडलं की जिंकलो दाखवतंय सर. मग बंद पडतंय सगळं.’

आणि मग एसटी येईपर्यंत तो गाव वसवत बसला. तटबंदीची गरज नव्हती तरी तटबंदी. धान्याची गरज नव्हती तरी शेतांच्या ओळी नीट लावलेल्या, आमच्याकडे उसाच्या सऱ्या असतात तशा सरळ. दुसऱ्या दिवशी पोरं जमून त्याचं गाव बघायची. शत्रूच्या त्या घराला कोणी हात लावायचा नाही, जणू देवाचंच.

पोरांचं हे ट्रायलवर खेळत राहणं म्हणजे निष्काम कर्मयोग होता असं म्हणायचा मोह मला बराच काळ होता. फळ कुलपात, तरी कर्म चालू. आता तसं वाटत नाही. फळ मिळणारच नाही म्हणून फळाची आशा सुटणं ही नाइलाजाची गोष्ट. गीता सांगते ते याहून अवघड आहे, फळ हाताशी असताना मन त्यात न गुंतवणं. पण त्या पोराच्या हाताशी फळ होतं. एक घर पाडायचं बाकी होतं. त्याने ते ठेवलं, खेळ राहावा म्हणून. ही भक्तांची रीत वाटते मला. देवाशी पूर्ण एकरूप झालो तर त्याच्याकडे बघणार कोण, या भीतीने किंवा लोभाने भक्त कणभर वेगळेपण शिल्लक ठेवतो. अद्वैत कळलेलं असूनही ठेवतो. माझे वडील आयुष्यभर दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेले. विठ्ठल सगळीकडे आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

याच्या अगदी उलट टोकाचा एक खेळ आहे, त्याचाही ट्रायल आम्ही चालवला: २००२ चा ‘एज ऑफ मायथॉलॉजी’. त्यात ग्रीकांचे गावकरी देवळापाशी उभे करायचे, ते प्रार्थना करतात आणि तुमच्या खात्यात कृपा जमा होते, अंकांत. जास्त माणसं लावली की प्रत्येकामागे मिळणारी कृपा थोडी घटते. जमलेली कृपा खर्चून बैलतोंड्या मिनोटॉर विकत घ्यायचा. इजिप्तचे लोक स्मारकं बांधून कृपा मिळवतात, उत्तरेकडचे नॉर्स लढून. पोरं हसायची. मी हसत नव्हतो, कारण शनी अमावास्येला शिंगणापूरच्या शिळेवर तेल घालायला लोटलेली गर्दी मी लहानपणापासून बघतोय आणि त्या तेलाचा हिशोब मनात ठेवणारे माझ्याच घरात आहेत. नवसाचं यंत्र इतकं उघडंनागडं कुणी दाखवलं नव्हतं.

दृष्टांताची एक बाजू मात्र मला खोडता येत नाही. त्या रात्री पुढच्या ओळीत एक बाई बसल्या होत्या, त्यांचा तरणा मुलगा आदल्या साली गेला. महाराजांच्या वाक्यावर मंडप हसला तेव्हा त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी हात जोडले. हा जिल्हा दुष्काळाचा. १९७२ ला खडी फोडून जगलेली माणसं अजून आमच्यात आहेत. पाणी नाही, भाव नाही, पोरगं गेलं, आणि मी त्यांना सांगू की पुढं काही नाही, हाच अख्खा खेळ? चिद्विलास त्या बाईंना सांगायची माझी छाती नाही. ‘खरं पुढं आहे’ या आशेवर माणूस उद्याची सकाळ काढतो. ती आशा अज्ञानातली म्हणून हिणवणं पोट भरलेल्याला सोपं. तरीही, मुलगा गेलेल्या आईला ‘तुझा पोरगा हा नमुना होता’ असं त्या वाक्यातून आपण सांगतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या माउलीला तो पोरगाच हवा आहे. त्या पोराच्या बदल्यात कुठलंही फुल व्हर्जन ती घेणार नाही, आणि या बाबतीत ती तुकोबांच्या जास्त जवळ आहे, महाराजांच्या नाही.

सध्या माझा पुतण्या ‘झीरो ए.डी.’ नावाचा खेळ खेळतो. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेला, संपूर्ण फुकट, कुठंच कुलूप नाही. आणि तरी वर्षानुवर्षं तो ‘अल्फा’च म्हणवत होता, २०२५ च्या जानेवारीत सत्ताविसावी अल्फा आवृत्ती निघाली, तिचं नाव ‘अग्नी’. त्यात मौर्य आहेत. चंद्रगुप्त, अशोक, चाणक्य, अशोकाचे स्तंभसुद्धा. मी पुतण्याला विचारलं, ‘हा पुरा कधी होणार रे?’ त्याला प्रश्नच कळला नाही. ‘काका, ते जाऊ द्या. मौर्यांचा कामाचा हत्ती बघा. लाकडं वाहून गावापर्यंत न्यायलाच नको, हत्तीच रानात नेऊन उभा करायचा.’